सायनससाठी ‘स्ट्राँग’ गोळी: कोणती, कधी आणि मुळात लागते का?

नोव्हेंबर लागला की पुण्यातल्या कुठल्याही मेडिकलच्या काउंटरवर थोड्याफार फरकाने एकच संवाद ऐकू येतो. “नाक चोंदलंय, कपाळ ठणकतंय, सर्दी पिकलीय. काहीतरी स्ट्राँग द्या.” पलीकडून विचारलं जातं, “तीन दिवसांचं देऊ की पाच दिवसांचं?” तीन दिवसांचं म्हणजे अझिथ्रोमायसिन आणि पाच दिवसांचं म्हणजे बहुधा ‘सिक्स ट्वेंटी फाइव्ह’. चिठ्ठी कुणी मागत नाही आणि कुणी दाखवतही नाही. गिऱ्हाईक ऑफिसला उशीर होतोय म्हणून कमी दिवसांचं पाकीट निवडतं.

याच सुमाराला वाचकांचे प्रश्नही येऊ लागतात. गेल्या वेळी ज्या गोळीने बरं वाटलं तीच पुन्हा घेतली तर चालेल का? शेजाऱ्यांना डॉक्टरांनी दिलेलं महाग औषध जास्त चांगलं असणार ना? दोन दिवसांत बरं वाटलं, मग उरलेल्या गोळ्या ठेवून द्यायच्या का? हा लेख या प्रश्नांसाठी आहे. तो फक्त प्रौढांच्या ताज्या, म्हणजे चार आठवड्यांच्या आतल्या, सायनसच्या त्रासाबद्दल आहे. मुलांचं आणि महिनोन्‌महिने रेंगाळणाऱ्या जुनाट सायनसचं गणित वेगळं असतं.

आधी खात्री करा: हे सायनसच आहे ना?

पुण्यात ‘मला सायनस आहे’ असं सांगणाऱ्यांपैकी अनेकांना भलतंच काही असतं. या चार गोष्टींची गल्लत सर्रास होते.

- अॅलर्जी. लागोपाठ शिंका, नाकातून पाण्यासारखी धार, डोळ्यांना आणि टाळूला खाज, ताप नाही. रस्त्याकडेला आणि मोकळ्या प्लॉटवर माजणारं गाजर गवत याला हातभार लावतं. १९५० च्या दशकात भारतात या गवताची पहिली नोंद झाली ती पुण्यातच. बांधकामाची धूळ आणि थंडीतल्या सकाळचा धूर त्यात भर घालतात. अॅलर्जीवर अँटिबायोटिकचा काडीचाही उपयोग होत नाही.
- मायग्रेन. ‘सायनसची डोकेदुखी’ आहे असं स्वतःच ठरवलेल्या सुमारे तीन हजार अमेरिकन रुग्णांची तपासणी २००४ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांतल्या ८८ टक्के लोकांची लक्षणं मायग्रेनच्या निकषांत बसत होती. डोकं दुखतंय, उजेड सहन होत नाही, मळमळतंय, पण नाक मात्र मोकळं आहे, असं असेल तर सायनसचा विचार थोडा बाजूला ठेवा.
- डेंगी. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या एक-दोन महिन्यांत जोराचा ताप, अंगदुखी आणि डोळ्यांच्या मागे ठणका असेल तर आधी रक्त तपासा. डेंगीची शंका फिटेपर्यंत आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेऊ नका, कारण रक्तस्रावाचा धोका वाढतो. तापाला पॅरासिटामॉल पुरेसं आहे.
- दात. गालाच्या हाडातल्या सायनसचा तळ आणि वरच्या दाढांची मुळं एकमेकांना खेटून असतात. एकाच बाजूने घाण वासाचा स्राव येत असेल, त्याच बाजूची दाढ किडलेली असेल किंवा तिचं नुकतंच काही काम झालं असेल, तर नाक-कान-घसातज्ज्ञांच्या जोडीला दंतवैद्यही गाठावा लागतो. दाताचं मूळ तसंच ठेवून कितीही कोर्स केले तरी त्रास परत येतो.

दहा दिवसांचा हिशेब

खरंच सायनस सुजले असतील, तरी त्यामागे बहुतेक वेळा साध्या सर्दीचाच विषाणू असतो. प्रौढांच्या सर्दीपैकी जेमतेम अर्धा ते दोन टक्के सर्दींमध्ये पुढे जिवाणूंचा संसर्ग होतो. अँटिबायोटिक फक्त जिवाणूंवर चालतं, त्यामुळे हे दोन प्रकार ओळखणं हाच खरा पेच आहे. डॉक्टरही तो मुख्यतः दिवस मोजून सोडवतात. अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१२ मध्ये सांगितलेले निकष आज सर्वसाधारणपणे वापरले जातात. खालीलपैकी एक गोष्ट असेल तर जिवाणूंची शंका घ्यावी:

1. दहा दिवस झाले तरी लक्षणांना उतार नाही.
2. सुरुवातीपासूनच १०२ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप, सोबत घट्ट पुवासारखा स्राव किंवा चेहऱ्यात दुखणं, आणि हे सलग तीन-चार दिवस.
3. पाच-सहा दिवसांनी सर्दी ओसरायला लागली आणि मग अचानक उलटली: पुन्हा ताप, पुन्हा ठणका, पुन्हा घट्ट स्राव.

शेंबडाचा रंग या यादीत नाही. पिवळा किंवा हिरवा रंग येतो तो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका द्रव्यामुळे, आणि साध्या विषाणूच्या सर्दीतही तो तिसऱ्या-चौथ्या दिवशी येतो. सर्दी ‘पिकली’ म्हणजे बहुधा ती तिच्या नेहमीच्या वाटेने चालली आहे.

एक्स-रेचंही तसंच. साध्या सर्दीतही सायनस भरलेले दिसतात, त्यामुळे ‘पीएनएस’ एक्स-रेवरून विषाणू की जिवाणू हे कळत नाही. सीटी स्कॅन उपयोगी पडतो तो गुंतागुंतीची शंका असेल किंवा त्रास पुन्हापुन्हा होत असेल तेव्हा. चौथ्या दिवशी कुणी एक्स-रे सुचवला तर ‘याच्या निकालाने औषध बदलणार आहे का?’ हे विचारायला हरकत नाही.

अँटिबायोटिकने नेमका किती फरक पडतो?

जगभरचे वैद्यकीय प्रयोग एकत्र तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेने २०१८ मध्ये १५ प्रयोगांतल्या तीन हजारांहून थोड्या अधिक प्रौढांची आकडेवारी मांडली. अँटिबायोटिक न घेतलेल्या शंभर जणांपैकी ४६ जण आठवड्याभरात आणि ६४ जण दोन आठवड्यांत पूर्ण बरे झाले. अँटिबायोटिक घेतल्याने लवकर बरे होणाऱ्यांत भर पडली ती शंभरामागे पाच ते अकरा जणांची. त्याच वेळी जुलाब, पोटदुखी, मळमळ, अंगावर पुरळ असे दुष्परिणाम शंभरामागे तेरा जास्त जणांना झाले. थोडक्यात, गोळीमुळे लवकर बरे होणारे कमी आणि गोळीमुळे पोट बिघडणारे जास्त.

त्याआधी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुइस इथला एक प्रयोग बराच गाजला. १६६ प्रौढांपैकी निम्म्यांना दहा दिवस अॅमॉक्सिसिलिन आणि निम्म्यांना हुबेहूब तशीच, पण औषध नसलेली गोळी दिली. तिसऱ्या दिवशी दोन्ही गटांत सुधारणा जवळपास सारखीच होती. सातव्या दिवशी औषधाचा गट पुढे होता, ७४ टक्के विरुद्ध ५६. दहाव्या दिवशी पुन्हा बरोबरी झाली, ७८ विरुद्ध ८०. ‘गोळी घेतली आणि तीन दिवसांत बरं वाटलं’ हा आपल्या सगळ्यांचा अनुभव असतो. औषध नसलेली गोळी घेणाऱ्या कितीतरी जणांचाही तोच अनुभव होता.

यावरून अँटिबायोटिक कधीच लागत नाही असा अर्थ कुणी काढू नये. वरच्या तीन निकषांत बसणाऱ्यांना ते लागू शकतं. त्यांच्यासाठी पुढची तुलना.

औषधांची तुलना: कोण कुठे उभं आहे

वाचकांना सर्वांत जास्त उत्सुकता याच भागाची असते, आणि त्यांची निराशाही इथेच होते. कॉक्रेनच्याच २०१४ च्या एका आढाव्यात गालाच्या सायनसवरचे ६३ अभ्यास होते. त्यांतल्या ५४ अभ्यासांत एका अँटिबायोटिकची दुसऱ्याशी तुलना केलेली होती. निष्कर्ष असा की कुठलंही एक औषध बाकीच्यांहून ठळकपणे सरस ठरलं नाही. म्हणजे निवड ‘जास्त पॉवर’ कशात आहे यावर करायची नसून कशाने कमी अपाय होतो, कुठल्या औषधाला जिवाणू अजून जुमानतात आणि कोणतं औषध राखून ठेवायला हवं यावर करायची आहे. खाली दिलेले डोस समजण्यापुरते आहेत. किडनी, यकृत, वजन, चालू असलेली इतर औषधं यांनुसार डॉक्टर ते बदलतात.

अॅमॉक्सिसिलिन. पेनिसिलिनच्या घराण्यातलं, १९७२ पासून बाजारात असलेलं, स्वस्त औषध. नेहमीचा डोस ५०० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. पुणेकरांना या घराण्याची ओळख नव्याने करून द्यायला नको. देशाच्या पहिल्या सरकारी औषध कंपनीने, हिंदुस्तान अँटिबायोटिक्सने, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या मदतीने १९५० च्या दशकात पिंपरीत पेनिसिलिन बनवायला सुरुवात केली. इतक्या वर्षांत शेकडो नवी नावं आली, तरी सायनससाठी पहिली पसंती अजून याच घराण्याला आहे. ब्रिटनची अधिकृत मार्गदर्शिका तर आजही साध्या पेनिसिलिन-व्हीच्या पाच दिवसांच्या कोर्सपासून सुरुवात करायला सांगते.

अॅमॉक्सिसिलिन आणि क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड. हीच ती ‘सिक्स ट्वेंटी फाइव्ह’: ५०० मिलिग्रॅम अॅमॉक्सिसिलिन आणि १२५ क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड. काही जिवाणू अॅमॉक्सिसिलिन फोडून टाकणारं द्रव्य बनवतात, क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड ते द्रव्य निकामी करतं. गेल्या महिन्याभरात अँटिबायोटिक घेतलं असेल, वय ६५ च्या पुढे असेल, मधुमेह असेल किंवा आजार जोरात असेल तर डॉक्टर बहुधा हेच निवडतात. त्याची किंमत पोट मोजतं: जुलाब साध्या अॅमॉक्सिसिलिनपेक्षा जास्त होतात. गोळी जेवणाच्या पहिल्या घासाबरोबर घेतली तर त्रास कमी होतो. क्वचित कावीळ होते, आणि ती कोर्स संपल्यावर काही आठवड्यांनीही दिसू शकते. त्यामुळे लघवी गडद झाली, अंगाला खाज सुटली तर ही गोळी घेतली होती हे डॉक्टरांना आवर्जून सांगा.

डॉक्सिसायक्लिन. पेनिसिलिनची खरी अॅलर्जी असलेल्यांसाठी ठीक पर्याय. नेहमीचा डोस १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. भरपूर पाण्याबरोबर, बसून किंवा उभं राहून घ्यायचं. गोळी गिळून लगेच आडवं झालात तर ती अन्ननलिकेत अडकून जखम करते. दूध, कॅल्शियम, लोह आणि अॅसिडिटीची औषधं हिच्यापासून दोन-तीन तास लांब ठेवा. उन्हात त्वचा लवकर भाजते. गरोदरपणात घेऊ नये.

अझिथ्रोमायसिन. आपल्याकडचं सर्वांत लाडकं औषध, आणि सायनससाठी सर्वांत कमी शिफारस असलेल्यांपैकी एक. दिवसाला एक गोळी आणि तीन दिवसांत सुटका, हे त्याच्या लोकप्रियतेचं खरं कारण. पण सायनसमध्ये सापडणारा मुख्य जिवाणू, न्यूमोकॉकस, याला पुष्कळदा दाद देत नाही. म्हणूनच अमेरिकेतल्या संसर्गरोगतज्ज्ञांच्या २०१२ च्या मार्गदर्शिकेत ते सुरुवातीचं औषध म्हणून वापरू नका असं स्पष्ट लिहिलं आहे. कोर्स तीन दिवसांत संपला तरी औषध शरीरात कितीतरी दिवस रेंगाळतं, आणि त्या मंद प्रमाणात जिवाणूंना प्रतिकार शिकायला निवांत वेळ मिळतो. हृदयाच्या ठोक्यांची लय बिघडण्याचा धोका असल्याचा इशारा अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१३ मध्ये दिला. दुसरीकडे टायफॉइडमध्ये तोंडावाटे घेण्याजोगी जी मोजकी औषधं उरली आहेत त्यांत हे आहे. चोंदलेल्या नाकासाठी ते वापरून बोथट करून ठेवणं आपल्यालाच महागात पडेल.

सेफिक्झिम, सेफपोडॉक्झिम वगैरे. सर्रास लिहून दिली जातात. न्यूमोकॉकसवरचा त्यांचा भरवसा कमी-जास्त असल्याने नुसती हीच गोळी देऊ नये असं तज्ज्ञ सांगतात. अॅमॉक्सिसिलिनपेक्षा महाग म्हणजे त्याहून चांगली, असं इथे अजिबात नाही.

लेव्होफ्लॉक्सासिन, मॉक्सिफ्लॉक्सासिन. खरोखर जोरदार, आणि म्हणूनच मागच्या फळीत ठेवायची. स्नायूबंध, विशेषतः टाचेच्या वरचा, सुजणं किंवा तुटणं, हातापायांना मुंग्या, झोप उडणं, मधुमेहींमध्ये साखर वर-खाली होणं, असे त्रास यांच्यामुळे होऊ शकतात. साठीच्या पुढच्यांना आणि स्टेरॉइडच्या गोळ्या चालू असलेल्यांना धोका जास्त. दुसरा पर्याय असेल तर सायनससाठी ही औषधं वापरू नका, असं अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०१६ मध्ये बजावलं. आपल्याकडे आणखी एक कारण आहे. ही औषधं क्षयाच्या जंतूंवरही चालतात. खोकल्याचा रुग्ण ‘सायनस’ म्हणून ती घेतो, तात्पुरतं बरं वाटतं आणि क्षयाचं निदान पुढे ढकललं जातं.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये अँटिबायोटिकांची तीन गटांत विभागणी केली: सहज वापरण्याची, जपून वापरण्याची आणि राखीव. अॅमॉक्सिसिलिन, त्याची क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडबरोबरची जोडी आणि डॉक्सिसायक्लिन पहिल्या गटात आहेत. अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम आणि लेव्होफ्लॉक्सासिन दुसऱ्या. आपल्या मेडिकलच्या काउंटरवर हा क्रम नेमका उलटा झालेला दिसतो.

किती दिवस? गुंतागुंत नसलेल्या प्रौढांना बहुधा पाच ते सात दिवस पुरतात. चौदा दिवसांचा कोर्स लिहिला असेल तर कारण विचारा. मध्येच बरं वाटलं तरी स्वतःच्या मनाने गोळ्या बंद करू नका, डॉक्टरांशी बोला. तीन दिवसांत त्रास वाढला किंवा पाच दिवसांत काहीच उतार नाही, तर त्यांच्याकडे परत जा. वरच्या नंबरची गोळी स्वतः शोधू नका.

डॉक्टरांकडे जाताना

कोथरूडच्या एखाद्या बाई सहाव्या दिवशी फॅमिली डॉक्टरकडे गेल्या असं समजा. ताप नाही, गाल जड, शेंबूड पिवळा, सोमवारी महत्त्वाची मीटिंग. डॉक्टरांना वाटतं की यांना गोळी हवीच आहे, दिली नाही तर या दुसरीकडे जातील. बाईंना वाटतं की डॉक्टरांनी दिली म्हणजे गरज असणार. दोघंही मनातलं बोलत नाहीत आणि चिठ्ठीवर अझिथ्रोमायसिन येतं. “गरज नसेल तर अँटिबायोटिक नको, मी थांबायला तयार आहे,” एवढं एक वाक्य बाईंनी म्हटलं तरी चित्र बदलू शकतं.

हे सांगायला विसरू नका:

- त्रास कितव्या दिवसापासून आहे, आणि मध्ये बरं वाटून पुन्हा वाढला का.
- ताप मोजला असल्यास आकडा. ‘कणकण’ आणि १०२ यांत फार अंतर आहे.
- गेल्या तीन महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिकं.
- मधुमेह, किडनी किंवा यकृताचा आजार, गरोदरपण, रक्त पातळ करणारी गोळी, संधिवातासाठी मेथोट्रेक्सेट.
- पेनिसिलिनची ‘अॅलर्जी’ म्हणजे नेमकं काय झालं होतं. जुलाब आणि मळमळ ही अॅलर्जी नव्हे. अंगावर गांधी, ओठ-चेहरा सुजणं, श्वास अडकणं ही अॅलर्जी. परदेशी अभ्यासांत असं दिसलंय की आपल्याला पेनिसिलिन चालत नाही असं सांगणाऱ्या दहापैकी नऊ जणांना तपासणीत ते चालतं. पण ही तपासणी डॉक्टरांनी करायची, घरी प्रयोग नको.

एक मधला मार्गही मागता येतो. डॉक्टर आजच चिठ्ठी देतात, पण ‘तीन दिवसांत उतार पडला नाही किंवा त्रास वाढला तरच औषध आणा’ असं सांगून. ब्रिटनमध्ये अशी राखीव चिठ्ठी नेहमीची आहे. पुन्हा फी आणि पुन्हा रांग टळते, आणि बऱ्याच जणांना ती चिठ्ठी वापरावीच लागत नाही.

थांबायचं ठरवलं, मग तोवर काय?

मिठाच्या पाण्याने नाक धुणं हा सर्वांत कमी जोखमीचा आणि बऱ्यापैकी आराम देणारा उपाय. लोणावळ्याच्या कैवल्यधामसारख्या योगसंस्थांमुळे जलनेती आपल्याकडे अनोळखी नाही. प्रमाण असं: एक कप, म्हणजे साधारण २४० मिलिलिटर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, चुरचुरलं तर चिमूटभर खाण्याचा सोडा.

पाणी मात्र उकळून गार केलेलंच हवं. नळाचं, टँकरचं किंवा बोअरचं पाणी थेट नाकात घालू नका, फिल्टरचंही पुन्हा उकळा. २०११ मध्ये अमेरिकेतल्या लुइझियानात नळाच्या पाण्याने नेती करणारे दोघं मेंदूत शिरणाऱ्या अमीबामुळे दगावले होते. आणि पाण्याबाबत गाफील राहायचं नाही हे पुण्याला वेगळं सांगायला नको: जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या परिसरात गिया-बारे या मज्जातंतूंच्या आजाराची साथ आली तेव्हा संशय पाण्यावरच होता. नेतीचं भांडंही रोज धुऊन कोरडं करा.

- नाक मोकळं करणारे थेंब (झायलोमेटाझोलिन, ऑक्सिमेटाझोलिन) मिनिटांत काम करतात, आणि तीच पंचाईत आहे. तीन, फार तर पाच दिवस. त्यापुढे थेंब बंद केले की नाक आणखी चोंदतं आणि माणूस वर्षानुवर्षं बाटली खिशात घेऊन फिरतो.
- स्टेरॉइडचा नाकातला स्प्रे (मोमेटासोन, फ्लुटिकासोन) हळू काम करतो. मूळची अॅलर्जी असलेल्यांना चांगला उपयोगी. दहा दिवसांपेक्षा जास्त त्रास रेंगाळला तर डॉक्टर दोन आठवड्यांसाठी देऊ शकतात. स्टेरॉइडच्या गोळीपेक्षा ही वेगळी गोष्ट, त्यामुळे नावाने बिचकू नका.
- सर्दीच्या मिश्र गोळ्या घेताना मागची बारीक अक्षरं वाचा. त्यांत बहुधा पॅरासिटामॉल असतं, वर वेगळी पॅरासिटामॉल घेतली की डोस दुप्पट होतो. फेनिलएफ्रिन असेल तर रक्तदाबवाल्यांनी विचारून घ्यावी.
- वाफारा घेतल्याने बरं वाटतं, आजार लवकर बरा होतो असा पुरावा नाही. उकळत्या पाण्याचं पातेलं मांडीवर किंवा पलंगावर ठेवून घेऊ नका. ओवा घालायचा की नाही हे ज्याच्या-त्याच्या घरावर सोडलेलं बरं.

इथे दहा दिवस मोजत बसायचं नाही

खालीलपैकी काहीही दिसलं तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा:

- डोळ्याभोवती सूज किंवा लाली, डोळा बाहेर आल्यासारखा, एकाचे दोन दिसणं, नजर मंदावणं
- कपाळावर मऊ सूज
- असह्य डोकेदुखी, मान ताठ, गुंगी, असंबद्ध बोलणं
- एका बाजूचा गाल बधिर होणं, नाकातून काळपट स्राव किंवा खपली, टाळूवर काळा डाग

शेवटची ओळ पुण्याने २०२१ मध्ये फार जवळून पाहिली. कोविडच्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकरमायकोसिसचे रुग्ण ससूनसह शहरातल्या मोठ्या रुग्णालयांत येऊ लागले. बहुतेकांना अनियंत्रित मधुमेह होता किंवा भरपूर स्टेरॉइड मिळालेली होती. अनेकांची सुरुवात चोंदलेलं नाक, गालात दुखणं, दात हलणं अशी साधी वाटणारी होती. ही बुरशी आहे, जिवाणू नाही. तिच्यावर कुठलंच अँटिबायोटिक चालत नाही आणि घरी कोर्स करण्यात गेलेले चार दिवस डोळ्यावर बेतू शकतात. मधुमेह असलेल्यांनी, केमोथेरपी किंवा अवयवरोपण झालेल्यांनी आणि दीर्घकाळ स्टेरॉइड घेणाऱ्यांनी या लेखातला ‘थांबून पाहा’ हा सल्ला स्वतःला लावू नये.

मेडिकलच्या काउंटरवर: तुमचे हक्क आणि नियम

अँटिबायोटिकच्या स्ट्रिपवर डाव्या कडेला उभी लाल रेघ असते. चिठ्ठीशिवाय हे औषध घ्यायचं नाही, हा तिचा अर्थ. केंद्र सरकारने २०१६ मध्ये त्यासाठी मोहीम चालवली होती. अॅमॉक्सिसिलिन आणि अझिथ्रोमायसिन शेड्यूल ‘एच’मध्ये येतात. सेफिक्झिम, लेव्होफ्लॉक्सासिनसारखी औषधं १ मार्च २०१४ पासून लागू झालेल्या, जास्त कडक ‘एच-वन’ यादीत आहेत. ‘एच-वन’ औषध विकताना दुकानदाराने डॉक्टरांचं आणि रुग्णाचं नाव, औषध आणि संख्या यांची नोंद ठेवायची असते आणि ती तीन वर्षं जपायची असते. त्यामुळे नाव विचारलं तर वैतागू नका. विचारलं नाही, तर उलट तुम्हीच सावध व्हा.

- चिठ्ठी वाचता आली पाहिजे. २०१६ च्या सुधारित नियमानुसार डॉक्टरांनी औषधाचं मूळ नाव सुवाच्य, शक्यतो मोठ्या अक्षरांत लिहायचं आहे. नसेल तर तिथेच लिहून मागा.
- अँटिबायोटिक का, हे विचारता येतं. केंद्रीय आरोग्य सेवा महासंचालकांनी जानेवारी २०२४ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांतल्या डॉक्टरांना पत्र पाठवून, अँटिबायोटिक लिहिताना त्याचं कारण नोंदवायला सांगितलं. औषधविक्रेत्यांनाही चिठ्ठीशिवाय न विकण्याची आठवण त्याच वेळी करून दिली.
- ‘हेच कंटेंट आहे’ म्हणून दुसरं औषध दिलं तर मूळ नाव आणि मिलिग्रॅम चिठ्ठीशी ताडून पाहा. क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडऐवजी भलतीच जोडी असेल तर परत करा. अशास्त्रीय जोडगोळ्यांवर सरकारने २०१६, २०१८ आणि २०२४ मध्ये मोठ्या याद्या काढून बंदी घातली आहे.
- पक्कं बिल घ्या. त्यावर बॅच नंबर आणि मुदत असते. औषधाबद्दल तक्रार करायची तर अन्न व औषध प्रशासनाकडे हाच कागद लागतो.
- स्वस्त पर्याय विचारा. अॅमॉक्सिसिलिनसारखं साधं औषध जनऔषधी केंद्रातही मिळतं, चिठ्ठी मात्र तिथेही लागते.
- चिठ्ठीवर लिहिलेल्या संख्येइतक्याच गोळ्या मागा. तरी उरल्याच तर पुढच्या सर्दीसाठी डब्यात ठेवू नका आणि कामवाल्या मावशींना किंवा शेजाऱ्यांना देऊ नका.

गोळीमुळे पुरळ, सूज, सतत जुलाब किंवा टाचेमागे दुखणं असं काही झालं तर औषध थांबवून डॉक्टरांना कळवा आणि स्ट्रिप फेकू नका. औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणाऱ्या राष्ट्रीय केंद्राचा १८००-१८०-३०२४ हा टोल-फ्री क्रमांक आहे. तिथे तक्रार नोंदवायला डॉक्टरच हवेत असं नाही, रुग्णाला स्वतःही ती नोंदवता येते. फोन करताना औषधाचं नाव, बॅच नंबर, कधी सुरू केलं आणि त्रास कधी सुरू झाला या चार गोष्टी हाताशी ठेवा.